डीएल की टेबल? आधी नावं मोजा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची वेबसाइट तुम्ही करताय. प्रत्येक कास्टिंगच्या पानावर ‘मटेरियल’, ‘वजन’, ‘हार्डनेस’, ‘मशिनिंग’ अशी लेबलं आणि त्यांच्यापुढे माहिती, अशा दहा-बारा ओळी आहेत. ऑफिसात तीन तट पडलेत. एकाला टेबल हवंय, दुसऱ्याला डीएल, म्हणजे एचटीएमएलमधली जोड्यांची यादी (डीटी या टॅगमध्ये नाव, डीडीमध्ये त्याची व्हॅल्यू), आणि तिसरा म्हणतो डिव्हमध्ये, म्हणजे नुसत्या चौकटीत, ठळक करणारा स्ट्राँग टाका आणि मोकळे व्हा, स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं. जोडीला दोन उपप्रश्न आहेत: मोबाइलवर हे नीट कसं बसवायचं, आणि गुगलला यातलं काय लागतं.

थेट उत्तर हवं असेल तर कास्टिंगच्या पानावर डीएल वापरा. पण एवढंच घेऊन उठू नका. हीच माहिती त्याच साइटवर दुसऱ्या पानावर टेबलात जाईल, आणि तिथंही डीएल ठोकलंत तर पंचाईत होईल. टॅग माहितीला चिकटलेला नसतो, ती माहिती त्या पानावर कशी विचारली जाते याला चिकटलेला असतो.

माझी कसोटी सोपी आहे. पानावरच्या कुठल्याही एका व्हॅल्यूवर बोट ठेवा, समजा ‘१२ किलो’. ती कशाची, हे सांगायला किती नावं घ्यावी लागतात ते मोजा. पान एकाच कास्टिंगचं असेल तर त्याचं नाव शीर्षकात येऊन गेलेलं असतं. ‘वजन’ एवढं एकच नाव पुरतं. एक नाव पुरलं की डीएल. आता सगळ्या कास्टिंगची यादी देणारं पान घ्या. तिथं ‘१२ किलो’ म्हणजे ‘पंप केसिंगचं’ ‘वजन’. दोन नावं लागली, एक ओळीचं, एक कॉलमचं. दोन लागली की टेबल. आणि ‘हे कास्टिंग बारा किलोचं असून दोन माणसांशिवाय उचलू नये’ असं वाक्यच स्वतः बोलत असेल, तर वेगळं नाव नकोच. साधा परिच्छेद पुरे.

तुमच्या पानावर दोन्ही प्रकार एकत्रही येतील. वरती डीएल: मटेरियल एफजी २६० (बिडाची एक ग्रेड), वजन, हार्डनेस. खाली रासायनिक घटक असतील तर तिथं कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस या ओळी आणि किमान-कमाल हे कॉलम. ‘सिलिकॉनचं कमाल’ म्हटल्याशिवाय तो आकडा अर्थ देत नाही, म्हणून ते टेबल. एका पानावर दोन वेगळे टॅग आले म्हणून विसंगती होत नाही. उलट, सगळं एकाच साच्यात बसवण्याच्या नादात घटकांची माहिती ‘कार्बन किमान’, ‘कार्बन कमाल’, ‘सिलिकॉन किमान’ अशी लांबलचक डीएल करून टाकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. लेबलात दोन शब्द घालून दोन नावांचं काम एकात उरकायचा हा प्रयत्न असतो, आणि वाचणाऱ्याला तो लगेच जाणवतो.

आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला दूध संस्थेइतकं चांगलं उदाहरण नाही. सकाळी दूध घालून हातात पावती येते: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. ती ॲपवर दाखवायची झाली तर डीएल. दहा दिवसांचं बिल दाखवायचं झालं तर तेच लिटर, तीच फॅट, पण आता ‘बारा तारखेची, संध्याकाळची’ असं सांगावं लागतं. तिथं टेबल. आणि त्या बिलाच्या माथ्यावर सभासदाचं नाव, क्रमांक, बिलाचा कालावधी, एकूण जमा रक्कम हे पुन्हा डीएल. पावतीच्या पानावर टेबल मांडणं म्हणजे एकट्या माणसासाठी पंगत धरण्यासारखं आहे: चालतं, पण वाढप्यालाही अवघडल्यासारखं होतं.

दरपत्रकात तर मजाच आहे. गाईच्या दुधाचा दर जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, म्हशीचा ६ आणि ९ ला, आणि तिथून वर-खाली दर बदलत जातो. म्हणून दरपत्रकात उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ, मध्ये दर. पण नावं मोजा: जनावर, फॅट, एसएनएफ. तीन झाली. टेबलाला दोनच बाजू. अशा वेळी तिसरं नाव कॅप्शनमध्ये जातं: एक टेबल ‘गाय दूध दर’, दुसरं ‘म्हैस दूध दर’. काही जण दोन्ही एकाच टेबलात कोंबतात, वर ‘गाय’ आणि ‘म्हैस’ असे रुंद मथळे, त्यांच्याखाली एसएनएफचे छोटे मथळे. एचटीएमएलमध्ये तेही करता येतं, मथळा कुठल्या पेशींचा हे सांगणाऱ्या स्कोपला कॉलग्रुप (कॉलमचा गट) द्यायचा किंवा प्रत्येक पेशीला हेडर्स जोडत बसायचं. पण मला विचाराल तर दोन टेबलं करा. शेतकऱ्याकडे एका वेळी एकाच किटलीचं दूध असतं. त्याला दोन्हींची तुलना नकोय, स्वतःचा दर हवाय.

टेबलात टीएच, म्हणजे मथळ्याची पेशी, आणि स्कोप का महत्त्वाचे, तेही या दरपत्रकातच दिसतं. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस टेबलात कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून एका पेशीतून दुसरीत जातो. मथळ्यांना टीएच असेल तर खाली सरकताना ‘फॅट ३.६’ आणि मग दर ऐकू येतो. उजवीकडे सरकलं तर एसएनएफचा मथळा. सगळं टीडीमध्येच, म्हणजे साध्या पेशीत असेल तर ओळ सात, कॉलम पाच आणि एक आकडा, बस्स. डोळ्यांनी बघणारा नजर वर नेऊन मथळा पाहतो. ती नजर वर नेण्याची सोय टीएचमध्ये असते. डाव्या कडेच्या फॅटच्या आकड्यांनाही टीएच लागतो, स्कोप रो देऊन. हे निम्म्या लोकांच्या लक्षातच राहत नाही, कारण वरचे मथळे ठळक दिसतात आणि डावीकडचे दिसत नाहीत.

खरी अडचण मात्र याच्या आधीची आहे. आपल्याकडे दरपत्रक बहुतेक वेळा फोटो म्हणून चढतं. डीटीपीवाल्याने केलेला कागद, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोच व्हॉट्सॲपवर आणि तोच वेबसाइटवर. त्यात ना लेबल, ना व्हॅल्यू, ना शोध. डीएल की टेबल या वादाआधी तो फोटो मजकुरात आणा.

आता तिसऱ्या सहकाऱ्याकडे वळू, डिव्ह आणि स्ट्राँगवाल्याकडे. त्याला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीचा १.३.१ हा निकष पहिल्या, म्हणजे ए पातळीचा आहे. त्याचं म्हणणं असं की दिसण्यातून जे नातं कळतं ते कोडमधून कळावं, किंवा मजकुरातून तरी कळावं. ‘वजन: १२ किलो’ हे एकाच परिच्छेदात लागोपाठ लिहिलेलं असेल तर नातं मजकुरातूनच कळतं. बातमीच्या तळाशी अशा दोन ओळी असतील तर मी स्वतःही डीएल काढत बसत नाही. पण स्ट्राँगचा अर्थ ‘हे महत्त्वाचं’ एवढाच आहे. ‘हे त्याचं नाव’ असा तो अर्थ देत नाही. दहा-बारा ओळी झाल्या, त्यांना दोन कॉलमात मांडायचं ठरलं, की हा मार्ग घसरतो.

सगळ्यात वाईट घसरण ती, जिथं डावीकडे एका डिव्हमध्ये सगळी लेबलं आणि उजवीकडे दुसऱ्या डिव्हमध्ये सगळ्या व्हॅल्यू असतात. स्क्रीनवर देखणं दिसतं. ऐकणाऱ्याला मात्र आधी ‘मटेरियल, वजन, हार्डनेस, मशिनिंग’ आणि मग ‘एफजी २६०, १२ किलो...’ असं ऐकावं लागतं. त्यातली एक व्हॅल्यू दोन ओळींची झाली की डोळ्यांनी बघणाऱ्याचीही रांग चुकते. मग कुणीतरी लेबलांच्या बाजूला रिकामे बीआर, म्हणजे ओळ तोडणारे टॅग टाकून ती जुळवतो. कुठल्याही साइटवर असे बीआर दिसले की मी मालकाला सांगतो, हे पान पुन्हा लिहायचं.

दुसरा त्रास कॉपी करताना होतो. तुमच्या फौंड्रीचे ग्राहक पानावरचा मजकूर उचलून थेट व्हॉट्सॲपवर टाकणार, हे धरूनच चाला. मध्ये जागा न सोडता लागोपाठ लिहिलेले दोन स्पॅन (ओळीतला मजकूर गुंडाळणारे टॅग), नुसत्या मार्जिनने दूर ढकललेले, तिथं ‘वजन१२ किलो’ असे चिकटून येतात. डीटी आणि डीडी मुळातच वेगवेगळ्या ओळींवर असतात, त्यामुळे सहसा तसं होत नाही.

डीएलबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला असा की तो फक्त शब्दार्थांसाठी आहे. एचटीएमएल ४ मध्ये त्याला डेफिनिशन लिस्ट म्हणत, त्यातून हा समज आला. गंमत म्हणजे त्याच आवृत्तीने संवादांसाठीही तो चालेल असं म्हटलं होतं, डीटीत बोलणारा आणि डीडीत त्याचं बोलणं. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत झालं तेव्हा संवादाची सोय काढून घेतली गेली, आणि नाव-व्हॅल्यूच्या कुठल्याही जोड्यांना दार उघडलं: शब्द आणि अर्थ, प्रश्न आणि उत्तर, विषय आणि त्याची माहिती. म्हणजे कास्टिंगचं वजन डीएलमध्ये टाकणं ही पळवाट नाही, एचटीएमएलच्या अधिकृत नियमांतच ते बसतं. दुसरा गैरसमज, डीएल काहीतरी नवीन किंवा विचित्र आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये टॅगची जी पहिली छोटी यादी केली तिच्यात डीएल होता. टेबल अधिकृत आवृत्तीत आलं १९९७ च्या जानेवारीत, एचटीएमएल ३.२ मध्ये. डीएल हा टेबलाचा थोरला भाऊ आहे.

टेबलाविषयी उलटा गैरसमज पसरलाय, की ते वापरूच नये. टेबल नवं होतं त्या काळात लोकांनी अख्खं पान टेबलांवर रचलं, मेनू एका पेशीत, जाहिरात दुसऱ्या पेशीत. ते बंद करायला ‘टेबल नको’ ही ओरड झाली, आणि ती क्लासेसमध्ये अजून शिकवली जाते. ओरड मांडणीसाठीच्या टेबलांविरुद्ध होती. आकड्यांचं टेबल तेव्हाही योग्य होतं.

डीएल लिहिण्याचे नियम थोडे आहेत, पण ते मोडलेले मला सर्रास दिसतात. एका डीटीला अनेक डीडी चालतात आणि अनेक डीटींना मिळून एक डीडीही चालतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून. चपलेच्या पानावर ‘महाराष्ट्रातले जिल्हे’ या एका डीटीखाली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर असे चार डीडी लिहिता येतात. मात्र एकाच डीएलमध्ये तेच लेबल दोनदा आणू नका. डीटीत एचटू, एचथ्री असे शीर्षकाचे टॅग घालता येत नाहीत. तशी गरज वाटली, प्रत्येक लेबलाखाली दोन-तीन परिच्छेद येऊ लागले, तर ती आता यादी राहिली नाही. ते स्वतंत्र विभाग झाले. तिथं शीर्षक आणि परिच्छेदच लावा. त्याच चपलेच्या पानावर मापांचा तक्ता असेल, भारतीय नंबर, युरोपीय नंबर आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, तर ते अर्थातच टेबल.

प्रत्येक जोडीला वेगळा डीएल देऊ नका. एका पानावर बारा डीएल, प्रत्येकात एकच जोडी, म्हणजे ऐकणाऱ्याला बारा वेळा ‘यादी सुरू, यादी संपली’ ऐकावं लागण्याची शक्यता. स्क्रीन रीडर डीएल वाचतात तेव्हा सगळे एकसारखं बोलत नाहीत. काही त्याला यादी म्हणून जाहीर करतात, काही नुसतंच ओळीने वाचतात. यावरून ‘मग डीएलचा उपयोग काय’ असं कुणी म्हणतं. माझं मत असं की त्यातल्या सगळ्यात वाईट वाचनातसुद्धा लेबल आणि लगेच त्याची व्हॅल्यू असाच क्रम राहतो. आपल्याला तेवढं हवंच आहे, बाकीचं वरकमाई.

जोडीला डिव्हमध्ये गुंडाळायची परवानगी आता अधिकृत नियमांत आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या डिसेंबर २०१७ च्या एचटीएमएल ५.२ मध्ये ती आली. त्याआधी प्रत्येक जोडीखाली रेघ मारायची तर कसरत करावी लागायची. अट एवढीच की गुंडाळायचं तर सगळ्या जोड्या गुंडाळा. काही डिव्हमध्ये आणि काही उघड्या असं मिश्रण नको, आणि डिव्हऐवजी सेक्शन किंवा स्पॅनही नको.

मांडणीचा तुमचा उपप्रश्न इथंच सुटतो. जोड्या गुंडाळलेल्या नसतील तर सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम लिहायच्या भाषेत, डीएललाच ग्रिड (ओळी-कॉलमची जाळी) करा: पहिला कॉलम मजकुराइतका, दुसरा उरलेला सगळा, डीटी कायम पहिल्यात, डीडी कायम दुसऱ्यात. एका लेबलाच्या चार व्हॅल्यू असल्या तरी त्या आपोआप एकाखाली एक बसतात. ब्राउझर डीडीला मुळात ४० पिक्सेल मार्जिन देतो, ते आधी शून्य करा, नाहीतर ‘ग्रिड चालत नाही’ म्हणून अर्धा दिवस जाईल. जोड्या डिव्हमध्ये असतील तर प्रत्येक डिव्ह स्वतःपुरता कॉलम मोजतो आणि रांगा वेड्यावाकड्या होतात. त्यावर लेबलाला ठरावीक रुंदी द्या, किंवा सबग्रिड, म्हणजे बाहेरच्या ग्रिडचेच कॉलम आत वापरायची सोय, वापरा. फायरफॉक्समध्ये सबग्रिड २०१९ पासून आहे, सफारीत २०२२ पासून, क्रोममध्ये २०२३ पासून, त्यामुळे आता बिनधास्त वापरायला हरकत नाही. आणि मोबाइलवर? काहीच करू नका. डीएल मुळातच एकाखाली एक पडतो: लेबल, खाली व्हॅल्यू. ‘जास्तीत जास्त कार्यकारी दाब’ असली मराठी लेबलं छोट्या पडद्यावर अर्ध्या रुंदीत कोंबण्यापेक्षा ते बरं. दोन कॉलमचं सीएसएस फक्त रुंद पडद्यासाठी लिहा.

टेबलाचं मोबाइलवर उलट आहे. तिथं एक प्रसिद्ध युक्ती फिरते: टीआर (टेबलाची ओळ) आणि टीडीला सीएसएसमध्ये डिस्प्ले ब्लॉक द्यायचा, म्हणजे प्रत्येक ओळ कार्डासारखी दिसते, आणि मथळे सीएसएसमधून पुन्हा छापायचे. दिसतं छान. पण डिस्प्ले बदलला की ब्राउझर त्याला टेबल म्हणून ओळखणं सोडू शकतो, आणि एवढ्या कष्टाने दिलेले टीएच वाया जातात. त्यापेक्षा टेबलाभोवती एक डिव्ह घाला, त्याला आडवं सरकू द्या, किबोर्डनेही सरकवता येईल म्हणून टॅबइंडेक्स शून्य द्या, रोल रीजन द्या आणि त्याला नाव द्या, म्हणजे स्क्रीन रीडरला तो वेगळा भाग कळतो. पहिला कॉलम जागेवर चिकटवला की दरपत्रक अंगठ्याने सरकवतही वाचता येतं.

नावं मोजण्याच्या कसोटीत एक जागा अडते, तीही सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं कोल्हापूर एकच आकडा बघत असतं, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ‘सध्याची पातळी’, ‘नोंदीची वेळ’, ‘इशारा’, ‘धोका’ हा सरळ डीएल. पण दिवसभराच्या तासातासाच्या नोंदी घेतल्या तर? ‘सकाळी ८’ म्हटलं की पातळी कळते. एकच नाव पुरतं, म्हणजे डीएल? नाही. इथं दुसरा प्रश्न विचारा: डावीकडच्या नावांच्या डोक्यावर मथळा लिहावासा वाटतो का? ‘मटेरियल, वजन, हार्डनेस’ यांच्या वर ‘गुणधर्म’ सोडून काही लिहिण्यासारखं नसतं, आणि तेही भरतीचं. पण सकाळी ८, ९, १० यांच्यावर ‘वेळ’ हा मथळा हवाच, कारण ती लेबलं नाहीत, त्याही नोंदीच आहेत. मथळा मागणारा कॉलम आला की टेबल, मग कॉलम दोनच का असेनात. जिल्ह्यातल्या सगळ्या बंधाऱ्यांची पातळी एकत्र दाखवायची तर प्रश्नच मिटला.

पुराच्या पानांवर आणखी एक गोष्ट डोकं उठवते. एखाद्या तासाची नोंद आली नाही तर पेशी रिकामी सोडतात, नाहीतर शून्य टाकतात. नदीची पातळी शून्य फूट? ‘नोंद नाही’ असं लिहा. डीएलमध्येही तसंच: व्हॅल्यू नसेल तर ती जोडीच काढा किंवा ‘लागू नाही’ लिहा, पण रिकामा डीडी ठेवू नका. आणि ३९ फूट ५ इंच लिहायला अवतरणचिन्हं वापरू नका. ‘फूट’ आणि ‘इंच’ लिहायला जागा लागते ती लागू द्या.

आता खास मराठी पानांचे रोग, जे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाहीत. पहिला, विसर्ग. लेबलापुढे कोलनऐवजी विसर्ग टाइप करण्याची सवय इतकी रुळलीय की ‘नावः’, ‘दरः’, ‘पत्ताः’ आता डोळ्याला खटकतही नाही. युनिकोडमध्ये ती दोन वेगळी चिन्हं आहेत. विसर्ग अक्षराला जोडला जातो, त्यामुळे स्क्रीन रीडर ‘दरह’ म्हणू शकतो. ‘दर’ हा पूर्ण शब्द शोधणारी किंवा लेबलं जुळवणारी स्क्रिप्टही चुकते. दोन कॉलमच्या डीएलमध्ये कोलनची गरजच नाही, मांडणीच नातं दाखवते. एकाच ओळीत हवाच असेल तर डीटीनंतर सीएसएसने घाला, डेटात नको.

दुसरा, आकडे. पानावर ‘३९’ दिसायला हवा, पण जावास्क्रिप्टला देवनागरी अंक कळत नाहीत. ‘३९’ चा नंबर करायला सांगितला तर ‘हा अंक नाही’ असं उत्तर येतं. पायथॉनला कळतात, म्हणून सर्व्हरवर चाललेली गोष्ट ब्राउझरमध्ये कोसळते आणि माणूस चक्रावतो. याला एचटीएमएलमध्येच सोय आहे: डेटा हा टॅग. आत मजकूर देवनागरीत, आणि त्याच्या व्हॅल्यू ॲट्रिब्यूटमध्ये तीच संख्या यंत्राला कळणाऱ्या अंकांत. फूट-इंचाचा दशांशही तिथंच ठेवा, म्हणजे क्रम लावता येतो. तारखांना टाइम टॅग तसाच: दिसायला ‘५ ऑगस्ट’ किंवा अगदी ‘श्रावण शुद्ध पंचमी’ लिहा, पण डेटटाइममध्ये इंग्रजी कॅलेंडरची तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि इंग्रजी अंकांतच. डेटटाइम न देता नुसता मराठी मजकूर टाइममध्ये टाकला तर तो टॅग अवैध ठरतो.

तिसरा, भाषा. तयार टेम्प्लेट आणलं की एचटीएमएल टॅगवर लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारं ॲट्रिब्यूट, इंग्रजीच राहतं. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. ते मराठी करा, आणि ग्रेडचे इंग्रजी कोड येतील तिथं तेवढ्या स्पॅनला इंग्रजी द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवलेला असेल तर मात्र कुठलाही टॅग उपयोगी पडणार नाही, आधी रूपांतर.

लेबल या टॅगच्या नावाला भुलू नका. तो फॉर्मसाठी आहे, इनपुट बॉक्सला नाव द्यायला. चौकशीच्या फॉर्ममध्ये तो हवाच, पण ‘वजन’ पुढे १२ किलो दाखवायला त्याचा काही अर्थ लागत नाही. अपवाद एकच: पानावर नगांच्या संख्येवरून एकूण वजन काढणारं छोटं गणितयंत्र असेल, तर उत्तर आउटपुट टॅगमध्ये ठेवा, त्याला लेबल जोडता येतं. ॲड्रेस टॅगही असाच फसवा. तो त्या पानाच्या किंवा लेखाच्या मालकाशी संपर्क कसा साधायचा यासाठी आहे. फौंड्रीच्या संपर्क पानावर फौंड्रीचा पत्ता त्यात बसतो, डीलर्सच्या यादीतले पत्ते बसत नाहीत.

गुगलचं थोडक्यात. डीएल वापरला म्हणून तुमचं पान वर चढेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. शोधयंत्रांना उत्पादनाचं नाव, किंमत, मटेरियल, वजन नेमकं सांगायचं असेल तर स्कीमा डॉट ऑर्गची शब्दावली आहे, गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केलेली. ती जेसन-एलडीमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा मजकुरात, पानाच्या एका स्क्रिप्टमध्ये द्यायची. ‘हार्डनेस’सारख्या ज्या गुणाला तिच्यात तयार जागा नाही तो नाव-व्हॅल्यूच्या जोडीने, ॲडिशनल प्रॉपर्टी म्हणून देता येतो. अट अशी की तिथं जे लिहाल ते पानावर माणसाला दिसलंही पाहिजे. म्हणून डीएल आणि जेसन-एलडी दोन्ही एकाच डेटाबेसमधून निघू द्या. हाताने दोन ठिकाणी भरलंत तर महिन्याभरात एकीकडे १२ किलो आणि दुसरीकडे १४ होणार.

डेटाबेसवरून आठवलं: तुमची जुनी पानं कुणी एडिटरमध्ये बसून हाताने भरली असतील तर टेम्प्लेट बदलून भागणार नाही. स्ट्राँगमधली लेबलं स्क्रिप्टने उचलून डीटीत टाकता येतील, पण त्याआधी एकदा सगळ्या लेबलांची यादी काढून बघा. ‘वजन’, ‘वजनः’, ‘वजन :’ आणि ‘एकूण वजन’ ही चार वेगळी निघतील. ती एक करायला फौंड्रीतला माणूस शेजारी बसवा. ‘एकूण वजन’ म्हणजे मशिनिंगच्या आधीचं की नंतरचं, हे त्यालाच माहीत असतं.